नामानाच्या सात बुड्या

एका खेड्यांतील मंडळीचे वडील मागच्या महिन्यांत आम्हांस भेटले, तेव्हां त्यांनीं आमच्यापुढें एक प्रश्न ठेविला. त्यांचें वय साठीच्या घरांत आहे. डॉक्टरांनीं रक्त तपासून साखर वाढल्याचें सांगितलें, गोळ्या दिल्या आणि रोज चालण्याचा व्यायाम सुरू करण्यास बजाविलें. गोळ्यांचें त्यांना कांहीं वाटलें नाहीं. चालण्याचें मात्र मोठें संकट वाटलें. ते म्हणाले, "जन्मभर नांगर धरला, रात्रीं-अपरात्रीं पिकाला पाणी दिलें, पोतीं वाहिलीं. आतां मुलगा ट्रॅक्टरनें शेत करतो, आणि मी रिकाम्या हातांनीं रस्त्यावर फेऱ्या मारूं काय? लोक काय म्हणतील? शिवाय आपला वेळ प्रभूचा आहे. तो स्वतःच्या देहाचे लाड करण्यांत घालविणें विश्वासणाऱ्याला शोभतें काय?"

या बोलण्यांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक शास्त्राचा, दुसरा लाजेचा. शास्त्राचा उलगडणें त्या मानानें सोपें, म्हणून तो आधीं घेऊं.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत पौलानें भक्तीला पहिलें आणि देहाच्या तालमीला दुसरें स्थान दिलें आहे. आपल्या मंडळ्यांतून हा भाग पुष्कळदां असा वाचला जातो, जणूं प्रेषितानें व्यायामाला मनाईच केली. पण ज्या मालांत नफा थोडा त्यांत नफा मुळींच नाहीं, असें कोणताही दुकानदार म्हणणार नाहीं. करिंथकरांना लिहितांना त्याच पौलानें आपल्या शरीराला मंदिराची उपमा दिली. तो उपदेश जारकर्माविषयीं आहे, कसरतीविषयीं नव्हे, हें आम्ही विसरलों नाहीं. तरी जें घर आपल्या मालकीचें नाहीं त्याचें छप्पर गळत ठेवण्याचा हक्क भाडेकऱ्याला नाहीं, एवढें अनुमान त्यावरून खास निघतें.

मागच्या पिढ्यांतील पुष्कळ ख्रिस्ती सेवकांनीं हें ओळखिलें होतें. १८४४ सालीं लंडनांत तरुणांच्या प्रार्थनेसाठीं व शास्त्राभ्यासासाठीं निघालेल्या वाय. एम. सी. ए. या संस्थेनें पुढें ठिकठिकाणीं व्यायामशाळा उघडल्या. तिच्याच अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील शिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ यांनीं १८९१ सालीं बास्केटबॉलचा खेळ काढिला, आणि हे नेस्मिथ धर्मज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा केलेले गृहस्थ होते. आपल्या देशांत हॅरी बक यांनीं १९२० सालीं मद्रासेंत याच संस्थेचें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढिलें. तें आजही चालू आहे. देह हें देवाच्या कामाचें हत्यार आहे आणि हत्याराला धार लावावी लागते, असा या लोकांचा समज होता.

राहिला लाजेचा प्रश्न. तो आम्हांस अधिक खोल वाटतो, आणि त्यासाठीं आम्ही वाचकांस राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायाकडे नेतों. अरामाचा सेनापति नामान कुष्ठरोगानें पीडिला होता. अलीशा संदेष्ट्याच्या दारीं तो घोडे व रथ घेऊन उभा राहिला. संदेष्टा बाहेरही आला नाहीं. यार्देनेंत सात वेळां स्नान करावें, एवढा निरोप त्यानें धाडिला. नामान संतापला. आपल्या देशांत याहून चांगल्या नद्या नाहींत काय, असें म्हणून तो परत फिरला. तेव्हां चाकरांनीं त्याची समजूत घातली: कांहीं अवघड काम सांगितलें असतें तर आपण तें केलेंच असतें, मग एवढें सोपें करण्यास हरकत कोणती?

आमच्या मतें नामानाचा अडथळा आळस नव्हता. लढाया मारणारा मनुष्य आळशी कसा असेल? त्याला लहान काम करण्याची लाज वाटली. चाकरांच्या देखत चिलखत उतरवावें, अंगावरचे डाग उघडे करावे, आणि परक्या नदींत पोराप्रमाणें बुड्या माराव्या! हा तपशील कथेंत नाहीं, आम्ही पदरचा घालीत आहों. पण नदींत उतरणाऱ्याला वस्त्रें सोडावीं लागतातच.

आम्ही स्वतः नामानाच्याच पंगतीचे. कांहीं वर्षांपूर्वीं नवीन वर्षाच्या उपासनेनंतर आम्ही निश्चय केला कीं, रोज पहाटे तासभर धांवावयाचें. दहा मिनिटें चालावें, हा विचार मनाला शिवलाही नाहीं. तें आम्हांस म्हाताऱ्यांचें काम वाटलें. चौथ्या दिवशीं गुडघा सुजला, आणि पुढचीं दोन वर्षें त्या गुडघ्याची सबब सांगण्यांत गेलीं. आज मागें पाहतां दिसतें कीं, त्या निश्चयांत आरोग्याचा विचार थोडाच होता. आपण वीस वर्षांपूर्वीं होतों तसेच आजही आहों, असें स्वतःला पटविण्याचा तो खटाटोप होता. नवशिक्याचें पहिलें काम म्हणजे आपली आजची ताकद किती हें खरें खरें कबूल करणें. आणि ही कबुली चालण्याहून जड जाते.

पण लहान कामाला फळ तरी येतें काय? १९५३ सालीं जेरी मॉरिस या इंग्रज डॉक्टरांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांविषयींचें संशोधन प्रसिद्ध केलें. चालक दिवसभर बसून असत. वाहक तिकिटें देत जिना चढत-उतरत. हृदयाचा विकार वाहकांत कमी आढळला. यांपैकीं कोणी व्यायाम म्हणून जिना चढत नव्हता. पुढें त्याच संशोधकांना असेंही दिसलें कीं, चालकांचे गणवेश पहिल्यापासूनच कमरेला मोठे होते, तेव्हां सगळें श्रेय जिन्याला देतां येत नाहीं; पण त्यानंतरच्या पुष्कळ शोधांनीं मूळ गोष्ट पक्की केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारीं कामें, असें प्रमाण सांगितलें. त्यांत शेतांतले व घरांतले श्रमही धरले जातात. त्याच ठिकाणीं असेंही म्हटलें आहे कीं, मुळींच न करण्यापेक्षां थोडें केलेलें बरें. रोज दहा हजार पावलांचा जो आंकडा तरुण मंडळी फोनवर पाहत असतात, तो तर १९६० नंतरच्या दशकांत जपानांत पावलें मोजण्याचें यंत्र विकतांना प्रसिद्धीला आला. त्याला कोणी सीनायवरची आज्ञा समजूं नये.

तेव्हां आरंभ दहा मिनिटांनीं करावा, आणि दर आठवड्याला थोडी थोडी भर घालावी. चाल किती असावी याची परीक्षा सोपी आहे: सोबत्याशीं बोलतां यावें, पण भजन गातां येऊं नये. बाकावरून हात न टेकतां दहा वेळां उठावें-बसावें. भिंतीला हात लावून अंग पुढें-मागें न्यावें. यापेक्षां अधिक सामान लागत नाहीं. साखरेच्या रोग्यानें अनवाणी चालूं नये, रोज तळपाय पाहावे, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असल्यास डॉक्टरांस विचारून खिशांत साखर ठेवावी. छातींत दुखूं लागल्यास किंवा श्वास कोंडल्यास थांबून तत्काळ दवाखाना गांठावा. तेथें श्रद्धेची परीक्षा पाहूं नये.

पहिल्या सहा बुड्यांनंतर नामानाच्या कातडीवर कांहीं फरक दिसला काय? शास्त्र याविषयीं मौन धरितें. नवशिक्याचे पहिले कांहीं आठवडे याच मौनांत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मांड्या ठणकतात, वजनाचा कांटा हालत नाहीं, आणि मन म्हणतें कीं हें सर्व फुकट आहे. ठणका आपोआप शमतो. स्नायूंची डागडुजी विसाव्यांत होते, म्हणून मधून विसाव्याचा दिवस घेणें हा आळस नव्हे. शब्बाथाचा नियम ज्यानें लावून दिला त्याला आपली घडण ठाऊक आहे. येथें एक सावधगिरी मात्र हवी. नामान बरा झाला तो देवाच्या कृपेनें. चालणाऱ्याला तसें वचन दिलेलें नाहीं. रोज चालणारेही आजारी पडतात, आणि अंथरुणाला खिळलेली भगिनी आपल्याहून अधिक पापी आहे असें नाहीं. व्यायामाचा परूशी होणें फार सोपें आहे.

आपल्या बहिणींविषयीं बोलल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. वडिलांना लोकांचें हंसें होण्याचें भय वाटलें, पण सून संध्याकाळीं वीस मिनिटें चालावयास निघाली, तर तिला "घरीं काम नाहीं वाटतें?" हें घरच्याच माणसांकडून ऐकावें लागतें. तिचे श्रम पुष्कळ आहेत, हें खरें. पण शिवणयंत्रावर किंवा शाळेच्या खुर्चींत दिवस काढणाऱ्या भगिनी आतां खेड्यांतही आहेत, आणि साखर त्यांना ओळखते. नवरा प्रकृतीसाठीं फेरी मारून येतो, आणि तोंवर बायको भांडीं, जनावरें व मुलें आटोपते, त्या घरांत व्यायामाची अर्धी जबाबदारी अद्याप कोणी उचललेली नाहीं. मूल वीस मिनिटें सांभाळणें हेंही शेजाऱ्यावर प्रीति करणेंच आहे, आणि बायकोइतका जवळचा शेजारी दुसरा कोण?

वडिलांना आम्ही यांतलें फारसें सांगितलें नाहीं. घरापासून मंदिर किती दूर, एवढेंच विचारिलें. ते म्हणाले, एक किलोमीटर भरेल. मुलगा मोटारसायकलवर आणून सोडतो. गेल्या रविवारीं ते पायीं आले. उशीर झाला होता, दुसरें गीत चालू होतें, आणि सर्वांच्या देखत त्यांना मधल्या वाटेनें पुढच्या बाकापर्यंत जावें लागलें.