पंक्तीत घ्यावे, पण वीणा द्यावी काय?

कल्याण शहरात सुभाष मैदान आहे आणि आधारवाडीचा तुरुंगही आहे. एकीकडे मुले खेळतात, दुसरीकडे कोणी शिक्षेचे तर कोणी निकालाचे दिवस मोजतात. या तुरुंगातून सुटलेला माणूस त्या मैदानावर खेळायला आला, आणि तो उत्तम खेळाडू निघाला, तर क्लबाने त्याला आपल्या संघात घ्यावे की नाही? प्रश्न खेळाचा दिसतो, पण मूळ धर्माचा आहे. म्हणून आम्ही तो येथे घेत आहोत.

कोणी लगेच म्हणेल, "यात विचारायचं काय? वाल्याचा वाल्मीकी झाला ना?" झाला, खरेच आहे. पण त्या कथेत वाल्याला पहिल्याच दिवशी कोणी पाटावर बसवून ओवाळले नाही. अंगावर वारूळ चढेपर्यंत तो बसला. आणि त्याच्या रांजणातला एकेक खडा म्हणजे कुणाच्या तरी घरचा गेलेला माणूस होता, हे आपण कथा ऐकताना विसरतो. क्षमेची गोष्ट सांगताना ज्याचे गेले त्याला बाजूला सारायचे, ही काही दया नव्हे.

आता प्रत्यक्षातले पाहू. 2013 च्या मे महिन्यात राजस्थान रॉयल्स या संघाच्या तीन खेळाडूंना दिल्ली पोलिसांनी मुंबईत पकडले. आरोप होता पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे धावा देण्याचा. त्यात केरळचा एस. श्रीशांत होता आणि आपल्या मुंबईचा अंकित चव्हाणही होता. क्रिकेट मंडळाने सप्टेंबरात या दोघांवर आजन्म बंदी घातली. 2015 च्या जुलैत दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही फौजदारी आरोपांतून मुक्त केले, तरी मंडळाने बंदी उठवली नाही. 2019 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोष ठरवण्याचा अधिकार मंडळाला आहे, पण श्रीशांतच्या शिक्षेचे माप पुन्हा पाहा. त्याची बंदी सात वर्षांची झाली. पुढे 2021 मध्ये चव्हाणचीही तशीच झाली. 2021 च्या जानेवारीत श्रीशांत केरळकडून मुंबईत पुन्हा खेळला. पुढच्या महिन्यात लिलावासाठी त्याने नाव दिले, पण निवडलेल्या यादीत ते आलेच नाही. तेव्हा तो अडतिशीला आला होता, हेही लक्षात घ्यावे.

येथे आम्हाला केरळचे वागणे योग्य वाटते. शिक्षेला माप असते, ते भरले की दार उघडावे. माप भरल्यावरही दार लावून घेणे म्हणजे न्यायाधीशाने न दिलेली शिक्षा आपण देणे. आपल्याकडे हा विचार जुना आहे. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. तिथे भिंत नव्हती, शेती होती. व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. पण ध्यानात घ्या, त्या माणसांच्या हाती कुदळ दिली होती, गळ्यात हार घातले नव्हते.

दुसरी बाजू अशी. 2022 साली स्कॉटलंडच्या रेथ रोव्हर्स या फुटबॉल क्लबाने एका खेळाडूला घेतले. त्याने एका स्त्रीवर बलात्कार केल्याचे तिथल्या दिवाणी न्यायालयाने 2017 मध्येच ठरवले होते. क्लबाच्या स्त्रियांच्या संघाची कर्णधार त्याच दिवसांत संघ सोडून गेली. गाजावाजा झाला, तेव्हा काही दिवसांत क्लबाने सांगितले की तो आमच्याकडून खेळणार नाही. म्हणजे क्लबाला त्या स्त्रीची आठवण लोकांनी करून द्यावी लागली! गोल करतो एवढे पाहिले, बाकीचे नंतर पाहू म्हटले. हे क्षमा करणे नव्हे, हा बाजार झाला.

आणि ज्याचा निकालच लागलेला नाही त्याचे काय? 2021 च्या मे महिन्यात दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये तेवीस वर्षांच्या एका मल्लाचा मारहाणीत जीव गेला, आणि दोन ऑलिंपिक पदके मिळवलेला सुशील कुमार त्या प्रकरणी पकडला गेला. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा जामीन रद्द केला. अशा वेळी कोणाला दोषी म्हणू नये हे खरे. पण तालमीतली पोरे ज्याच्या पाया पडतात, त्याच्या बाबतीत निकालापर्यंत थांबणे हेच शहाणपण.

मग क्लबाने ओळखावे कसे, आपण दया करतो आहोत की व्यापार? आमची कसोटी साधी आहे. ज्याला चेंडू टाकता येत नाही, अशा सुटून आलेल्या माणसाला हा क्लब मैदानावर रोलर ओढायला ठेवील काय? ठेवत असेल, तर त्याने गोलंदाजालाही खुशाल घ्यावे. माळी म्हणून नको, पण गोलंदाज म्हणून हवा, असे असेल तर पुनर्जन्माची भाषा त्याने तोंडी आणू नये.

दिंडीत चालायला आपण कोणाचा मागला हिशेब विचारत नाही. जो येईल तो माउली. पण वीणा कुणाच्याही गळ्यात घालत नाही, कारण वीणेकऱ्याच्या पायावर लोक डोके ठेवतात. संघात खेळणे हे दिंडीत चालणे आहे. कर्णधारपद, फलकावरचे चित्र, मुलांना शिकवण्याचे काम, ही वीणा आहे. पहिले शिक्षा भोगलेल्याला द्यावे. दुसरे द्यायला वर्षे जावी लागतात, आणि ज्याचे वाईट केले त्याच्यापुढे मान खाली घालून, झालेली हानी जमेल तेवढी भरून द्यावी लागते. ज्याने मुलांवर किंवा स्त्रियांवर हात टाकला, त्याला मुलांचा शिक्षक तर कधीच करू नये. त्यासाठी त्याच्या पश्चात्तापावर शंका घेण्याचीही गरज नाही. पोराबाळांच्या जिवावर आपल्या उदारपणाची परीक्षा पाहायची नसते, एवढेच.

आपल्या गावोगावच्या कबड्डी-खोखोच्या मंडळांनी, तालमींनी हे आधीच ठरवून वहीत लिहून ठेवावे. चांगला खेळाडू दारात उभा राहिल्यावर नियम करायला बसले, की नियम त्याच्या मापाने शिवला जातो. आणि नियम करताना एक जागा रिकामी धरावी: ज्याच्यावर अन्याय झाला, तो समोर बसला आहे असे समजून बोलावे. त्याच्या देखत जे बोलता येईल, तेवढेच करावे.