अंतर कोण फेडणार?

रविवारी सकाळी बदलापूर स्टेशनाबाहेर बिल्डरांच्या गाड्या उभ्या असतात. लोकलमधून उतरलेल्या जोडप्याला त्या साइटवर नेतात, सॅम्पल फ्लॅट दाखवतात, चहा पाजतात, बाल्कनीतून डोंगर दाखवतात. डोंगर खरा असतो, हवाही खरोखर बरी असते. परळ-लालबागला एका खोलीला लागतील तेवढ्या पैशांत इथे दोन बेडरूम येतात, हेही खोटं नाही. मेगाब्लॉक नसेल तर परतीच्या गाडीत खिडकीही मिळते, आणि ‘तसं फार लांब नाही गं’ हे वाक्य बहुधा त्या खिडकीशीच उच्चारलं जातं. एवढा मोठा व्यवहार आठवड्यातल्या सगळ्यात फसव्या दिवशी ठरतो.

मुंबईबाहेर स्वस्त घर शोधणाऱ्यांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्याला दादरला घर परवडतं त्याने बदलापूरकरांना प्रवासाचे तोटे समजावणं हा उद्धटपणा झाला. मला विचारायचंय ते वेगळंच. घर स्वस्त झालं म्हणजे वाचलेले पैसे कुठून आले? कुणीतरी ते फेडतच असतं. ते कोण, आणि त्याला कुणी विचारलं होतं का?

सीएसएमटीपासून कल्याण ५४ किलोमीटर, बदलापूर ६८, कर्जत १००, कसारा १२१. पण नुसत्या किलोमीटरांनी भाव ठरत नाही. कल्याणला फाटा फुटला की कर्जतच्या बाजूला दोन रूळ आणि कसाऱ्याच्या बाजूला दोन. त्यावरूनच लोकल, त्यावरूनच लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस आणि त्यावरूनच मालगाड्या. जादा मार्गिकांची कामं चालू आहेत, ती संपतील तेव्हा संपतील. तोवर एक गाडी चुकली की पुढची कधी, हा प्रश्न घाटकोपरच्या माणसाला पडत नाही तेवढा बदलापूरच्या माणसाला पडतो. जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे घरापासून स्टेशनापर्यंतचं अंतर असतं. स्टेशनापासून आयुष्यापर्यंतचं अंतर त्यात धरलेलं नसतं.

हिशेब मांडून पाहा. दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन चार तास धरू. वर्षाचे कामाचे दिवस २८०. झाले ११२० तास, म्हणजे चोवीस तासांचे जवळजवळ ४७ दिवस. वर्षातला दीड महिना एक माणूस अहोरात्र लोकलमध्ये उभा आहे. गृहकर्ज वीस वर्षांचं असतं. त्याचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो, हा दुसरा हप्ता मात्र एकाच्या अंगातून जातो. आणि तो कुठल्याही बँकेच्या तक्त्यात दिसत नाही.

पुष्कळ घरांत दोघंही नोकरी करतात, मग दोघंही सारखंच फेडतात असं वाटेल. तसं होत नाही. नवरा रात्री साडेआठला घरी आला की ‘आला’ असं म्हणतात, बायको त्याच वेळी आली की ‘उशीर झाला’ म्हणतात. पाळणाघर बंद होण्याची वेळ तिच्या गाडीला बांधलेली असते. लेडीज डब्यात बायका भाजी निवडत येतात, त्याचं आपण फार कौतुक करतो. मैत्रिणींचे ग्रुप, डब्यातलं हळदीकुंकू, वाढदिवसाचा केक, सगळं खरं आणि सुंदर आहे. पण मेथी गाडीत निवडावी लागते, कारण घरी पोचल्यावर वेळ उरत नाही, हेही खरं आहे. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चांगली सवलत आहे, पुष्कळ घरं त्यामुळे तिच्या नावावर झाली. घर कुठे घ्यायचं हे ठरवताना मात्र तिचं मत किती टक्के धरलं होतं, ते नोंदणी कार्यालयात विचारत नाहीत.

मग घरातले म्हातारे. चाळीत दार उघडं असायचं, जिन्यात कुणीतरी भेटायचं. अकराव्या मजल्यावर दार बंद असतं आणि लिफ्टमध्ये भेटणारा माणूस फोनमध्ये असतो. ‘आईबाबांना मोकळी हवा मिळेल’ हे नव्या घराचं एक ठरलेलं कारण. त्या आईबाबांचा डॉक्टर, देऊळ, भिशी आणि भांडणं गिरगावात राहिलेली असतात. त्यांना मोकळी हवा हवी होती का, हे विचारणं राहून जातं, कारण विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

प्रवासाला दमणूक एवढंच नाव दिलं तर ते अपुरं पडतं. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. त्यांतली एक गाडी कसाऱ्याची होती, एक कर्जतची. नंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा झाली. दारं जरूर बसवावीत. पण दारात माणूस का लटकतो याचं उत्तर दारात नाही. त्याच्या घराच्या किमतीत आणि ऑफिसच्या पत्त्यात मिळून ते दडलेलं आहे.

अंतराचा हिशेब जमवलेली माणसंही मला माहीत आहेत. बदलापूरच्या पुढच्या वांगणी स्टेशनाच्या आसपास दृष्टिहीनांची पुष्कळ कुटुंबं राहतात. भाडं कमी, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा धंदा लोकलमध्येच किरकोळ वस्तू विकण्याचा. त्यांच्या दृष्टीने गाडी हेच दुकान, त्यामुळे तिच्यात गेलेला वेळ वाया गेलेला नसतो. एप्रिल २०२१ मध्ये याच स्टेशनावर एका अंध आईचं मूल रुळांवर पडलं आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी गाडीसमोर धावत जाऊन त्याला वर उचललं. पुढे बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी त्या माउलीला दिली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. ती माय वांगणीत का राहते, हा प्रश्न फार थोड्यांना पडला असेल. लॉकडाऊनमध्ये लोकल थांबली तेव्हा या कुटुंबांची दुकानं एका रात्रीत बंद झाली होती. जमलेला हिशेबही रेल्वेच्या एका परिपत्रकावर टांगलेला असतो.

आणि त्याच वांगणीचं नाव घेतल्यावर गिरणी कामगार संतापले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ज्यांचं सगळं मोडलं, त्यांना आणि त्यांच्या वारसांना सरकारने शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली. जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर जमले आणि म्हणाले, घर द्यायचं तर मुंबईत द्या. काही सुशिक्षितांना हा हट्ट वाटला. तिथे इतके लोक आनंदाने राहतात, यांनाच काय झालं? झालं एवढंच, की बाकीच्यांनी वांगणी निवडली होती आणि यांना ती नेमून देण्यात आली. ज्या जमिनीवर गिरण्या होत्या तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले आणि गिरण्यांत राबलेल्यांनी शंभरेक किलोमीटरच्या अलीकडे कुठेतरी उतरून घ्यावं, ही सूचना करणारा माणूस स्वतः त्या गाडीत बसणारा नव्हता. घरातही बऱ्याचदा असंच होतं. ज्याचं ऑफिस घरून चालतं तोच टिटवाळ्याच्या फ्लॅटचं टोकन देऊन मोकळा होतो.

ही सगळी घरातल्या घरातली देणी झाली. घराबाहेरचीही आहेत. कसाऱ्याच्या मार्गावर वासिंद आणि आसनगाव इथे इमारती उभ्या राहत आहेत. हा शहापूर तालुका. भातसा इथे, तानसा इथे, मोडकसागर इथे. मुंबईच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथून जातं आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. मुलुंडमध्ये तीस वर्षं भातसाचं पाणी प्यायलेलं कुटुंब आसनगावला राहायला येतं आणि पहिल्याच मे महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाण्याचं काय?’ अशी ओरड सुरू होते. ओरड रास्त आहे. तिच्यामागून बोअरवेलचं यंत्र येतं, तीनशे-चारशे फूट खाली जातं, आणि जवळच्या पाड्यावरच्या बायकांच्या विहिरीला तळ दिसायला लागतो. त्या बायका कुठल्याच करारनाम्यात नसतात. आपलं स्वस्त घर त्याही फेडत असतात.

यावर ‘मग आम्ही राहायचं तरी कुठे?’ हा प्रश्न येणार, आणि तो बरोबरच आहे. डोंबिवलीही अशीच स्वस्ताईने वसली. गिरगाव-दादरला न मावलेली माणसं तिथे गेली, वर्षानुवर्षं लटकत आली-गेली. पण ती तिथे नुसती झोपायला राहिली नाहीत. वाचनालयं चालवली, शाळा काढल्या, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमायची रीत पाडली. २०१७ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झालं, ते काही बिल्डरने जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं. अर्थात डोंबिवलीचे रस्ते आणि गर्दी पाहून कुणी तिला आदर्श म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

पण गावात नुसतं झोपायला न राहण्याची वाट नव्या वस्त्यांतही आहे. आसनगाव-वासिंदकडे अजून बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायतच आहे. इमारतीत राहायला आलेला माणूस तिथल्या मतदार यादीत नाव घालतो तेव्हा तो ग्रामसभेचा सदस्य होतो. बहुतेकांना हे ठाऊक नसतं, ठाऊक असलं तरी सभा भरते तेव्हा ते गाडीत असतात. दोन-तीन मोठे गृहप्रकल्प पूर्ण झाले की नव्यांची मतं जुन्या गावकऱ्यांपेक्षा जास्त होतात. पाणी कुठून आणायचं, बोअर किती पाडायच्या, पाड्यावरची विहीर कुणाची, हे ठराव तेव्हा नव्यांच्या हातात असतात. म्हणून सोसायटीच्या फलकावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीशेजारी ग्रामसभेची तारीख लावली जाते का, एवढं फ्लॅट बघायला गेल्यावर जिन्यात थांबून जरूर पाहावं.