खोल गेलेला मळ

मनुष्याच्या स्वभावात मुरलेला दोष कसा काढावा, हा प्रश्न प्रत्येक मंडळीपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. वरवरची धूळ झटकून टाकणे कोणासही साधते. परंतु जी वाईट खोड वर्षानुवर्षे दाबली जाऊन आत रुतली आहे, तिच्यापुढे पाळक, उपदेशक व वडील हे सर्वच गोंधळून जातात. कोणी म्हणतात, दोष जितका जुना तितका उपाय जहाल पाहिजे. दुसरे म्हणतात, जाऊ द्या, तो आणि त्याचा देव काय ते पाहून घेतील. या दोन्ही मतांची परीक्षा करण्यासाठी आम्ही आज एक अगदी साधी वस्तू वाचकांपुढे ठेवितो. ती म्हणजे लिनोलियमची जमीन.

आपल्या खेड्यांत मातीची जमीन शेणाने सारवितात. ती मळली तर वरून नवा हात देता येतो. शहाबादी फरशी सोड्याने व खराट्याने घासली तरी सहसा बिघडत नाही. लिनोलियमचे तसे नाही, आणि म्हणूनच आमच्या प्रश्नास ते उपयोगी आहे. ही वस्तू इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या गृहस्थाने शोधून काढिली. रंगाच्या भांड्यात जवसाच्या तेलावर जी चिवट साय धरते, ती पाहून त्यास ही कल्पना सुचली असे सांगतात. १८६३ साली त्याने तिचे पेटंट घेतले व पुढच्याच वर्षी स्टेन्स या गावी कारखाना सुरू केला. पुढे स्कॉटलंडातील कर्कॉडी हे शहर या धंद्याविषयी प्रसिद्धीस आले. हवेत घट्ट झालेले जवसाचे तेल, राळ, बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा, लाकडाचा भुगा व रंग हे एकत्र मळून तागाच्या जाड कापडावर दाबून बसवितात, म्हणजे लिनोलियम होते. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीशी खातो त्याच जवसाचे हे तेल होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई व कलकत्ता या बंदरांतून जवस विलायतेस जात असे, आणि बंगालचा ताग स्कॉटलंडातील डंडी शहरी जाई. तिकडील इस्पितळांत, शाळांत व स्वयंपाकघरांत ही जमीन फार वापरली गेली. हल्ली या नावाने ओळखले जाणारे पुष्कळ पत्रे प्लास्टिकचे असतात. त्यांची गोष्ट निराळी. आम्ही खऱ्या लिनोलियमविषयी लिहीत आहो.

आता या जमिनीत मळ कसा शिरतो ते पाहा. मळ तिच्यातून उगवत नाही; तो बाहेरून, लोकांच्या पायांनी येतो. वहाणांखालची बारीक वाळू कानशीसारखी पृष्ठभाग खरवडते, आणि त्या बारीक ओरखड्यांत तेलकट धूळ बसते. त्यावर पुन्हा पाय पडतात आणि ती आत चेपली जाते. म्हणून कोपऱ्यांत मळ थोडा असतो. दारापाशी व चुलीपुढे, जेथे सर्वांचे येणेजाणे व उभे राहणे, तेथे तो सर्वांत खोल असतो. जो भाग सर्वांच्या उपयोगी पडला तोच सर्वांत काळा दिसतो, आणि घरात येणारा पाहुणा नेमके त्याकडेच बोट दाखवितो.

आमच्या मंडळ्यांतही पुष्कळदा असेच घडते. एखादा भाऊ दारूच्या नादी लागलेला असतो. तो त्या नादी लागला तेव्हा त्याच्या हाती पहिला पेला कोणी दिला, मजुरीऐवजी उचल देऊन त्यास कर्जात कोणी गुंतविले, लग्नकार्यात चार माणसांसमोर आग्रह कोणी केला, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. जातिभेदाचेही तेच. बाप्तिस्म्याला वर्षे लोटली तरी सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारली जाते. ही चाल एकट्या दुकट्याने घरात आणिलेली नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी ती आत चेपली आहे. यावरून दोष करणाऱ्याची जबाबदारी नाहीशी होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु डाग पाहून बोट दाखविण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वहाणेचा तळवा उलटून पाहावा, एवढे मात्र खास.

मळ दिसला की उतावळ्या मनुष्यास पहिली आठवण होते ती धुण्याच्या सोड्याची, किंवा त्याहून जहाल अशा एखाद्या क्षाराची. येथे मोठा घात आहे. आपल्यापैकी ज्यांनी घरी साबण केला आहे त्यांस ठाऊक आहे की तेलात कॉस्टिक सोडा घातला म्हणजे त्याचा साबण होतो. लिनोलियमचा जीव तेलच होय. त्यावर कडक सोडा ओतिला तर जमिनीतील तेलाचाच साबण होऊ लागतो आणि तिचा बांधा सुटतो. बादलीतील पाणी गढूळ होत जाते. घासणाऱ्यास वाटते, केवढा मळ निघत आहे! परंतु त्या पाण्यात जमिनीचा स्वतःचा रंगही वाहून चाललेला असतो. वाळल्यावर पाहावे तो जमीन खरखरीत व ठिसूळ झालेली, आणि उघड्या पडलेल्या छिद्रांत पुढचा मळ पूर्वीपेक्षा खोल शिरणार. फार पाणी ओतिल्यानेही असाच नाश होतो, कारण ते सांध्यांतून खाली उतरून तागाचे अस्तर कुजविते.

योग्य रीत निराळी आहे. प्रथम कोरड्या झाडूने वाळू व कचरा अगदी निःशेष काढावा, नाही तर धुताना तीच वाळू पुन्हा जमीन खरवडते. मग कोमट पाण्यात सौम्य साबण थोडा मिसळून, फडके घट्ट पिळून, हातभर जागा ओली करावी व काही मिनिटे थांबावे. मळ मऊ झाला म्हणजे मऊ ब्रशाने गोल गोल घासावे आणि काळे पाणी लागलीच टिपून घ्यावे. त्यानंतर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसावे, कोरड्या फडक्याने सुकवावे आणि मगच पुढच्या हातभर जागेकडे वळावे. एका दिवसात न निघालेला डाग दुसऱ्या दिवशी पुन्हा याच रीतीने धुवावा. सगळी जमीन निवळली व सुकली म्हणजे वर मेणाचा पातळ हात द्यावा.

या उदाहरणावरून आम्हांस एक नियम दिसतो. उपाय किती जहाल असावा हे मळाच्या खोलीवरून ठरत नाही. मळ ज्या वस्तूत शिरला आहे ती किती सोसू शकते यावरून ते ठरवावे लागते. दोष दगडात असता तर दगडाप्रमाणे घासता आला असता. तो मनुष्याच्या जिवात आहे. भर उपासनेत नाव घेऊन एखाद्याची लाज काढिली, त्याच्या लेकरांदेखत त्यास घालून पाडून बोलले, म्हणजे पुष्कळ काही निघाले असे बोलणाऱ्यास वाटते. त्या मनुष्याच्या डोळ्यांत पाणीही येते. पण त्या पाण्याबरोबर त्याची अब्रू, मंडळीवरील विश्वास आणि आपण सुधारू शकू ही आशा वाहून गेली नाही ना, हे कोण पाहतो? तो पुढच्या रविवारी येत नाही. आणि आपण म्हणतो, पाहा, त्याचे मन किती कठीण! पौल प्रेषिताने गलतीकरांस लिहिताना चुकलेल्या भावास सावरण्याचे काम सौम्य वृत्तीने करावयास सांगितले, व सावरणाऱ्याने स्वतःस जपावे असेही बजाविले. त्यास मनुष्यस्वभावाचे ज्ञान आपल्याहून अधिक होते.

येथे कोणी विचारील, मग पापाशी कठोर व्हावयाचेच नाही काय? प्रभूने मंदिरातून व्यापाऱ्यांस हाकून दिले नाही काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर झाडूत आहे. धुणे सौम्य असावे, पण त्यापूर्वीचे झाडणे निःशेष असावे. जी वाळू या घडीला जमीन खरवडीत आहे ती एक क्षणही राहू देता कामा नये. एखादा मनुष्य पिऊन बायकोस मारीत असेल, तर तिला ‘सोसून घे, प्रार्थना कर’ एवढेच सांगणारा उपदेशक सौम्य नव्हे. तो निर्दय होय. प्रथम तिला व लेकरांना सुरक्षित जागी न्यावे, आणि कायद्याचा आश्रय घेण्यास साहाय्य करावे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ साली झालेल्या कायद्याने तिला तो हक्क दिलेला आहे. मंडळीच्या पेटीतील पैसा कोणी खात असेल, तर किल्ली त्याच दिवशी काढून घ्यावी. दुसऱ्यास होणारी इजा थांबविण्यात दिरंगाई नको. परंतु इजा थांबली म्हणजे त्या मनुष्याचे अंतःकरण शुद्ध झाले असे नाही. ते काम तेव्हा कोठे सुरू होते, आणि त्याला कोमट पाणी व पुष्कळ दिवस लागतात. दोन कामांस दोन साधने आहेत. झाडूचे काम फडक्याने होत नाही, आणि फडक्याचे काम झाडूने होत नाही.

दुसरा पक्ष जो ‘जाऊ द्या’ म्हणतो, त्यालाही आम्हांस काही सांगावयाचे आहे. लिनोलियमवर मेण लावितात, पण मळ न काढिता मेण लाविले तर तो मळ त्या मेणाखाली कोंडला जातो. जमीन चकाकते, पाहुणे वाखाणतात, आणि काळिमा आत कायम राहतो. मंडळीचे नाव खराब होईल म्हणून जे अपराध झाकले जातात त्यांची गत हीच आहे. पुढे ते काढावयाचे म्हटले तर आधी ते सगळे मेण खरवडावे लागते, आणि त्यात दुप्पट श्रम व दुप्पट दुःख असते. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने राजाचे पाप झाकिले नाही. परंतु त्याने आरंभही शिव्याशापाने केला नाही. एका गरिबाच्या लाडक्या कोकराची गोष्ट सांगून त्याने राजाचे मन आधी मऊ केले, राजाच्याच तोंडून निवाडा वदविला, आणि मग तो मनुष्य तूच, हे स्पष्ट सांगितले. सौम्यपणा व सत्य यांची अशी जोड पडली म्हणजेच खोल मळ सुटतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धुतल्यावर साबण पुसून काढिला नाही, तर त्याचा चिकट पापुद्रा जमिनीवर राहतो आणि त्यावर नवी धूळ अधिकच लवकर बसते. म्हणजे साफ करणाराच पुढच्या मळाची तयारी करून ठेवितो. एखाद्याने पश्चात्ताप केला, मंडळीने त्यास क्षमा केली, तो पुन्हा प्रभुभोजनास बसला. तरी विहिरीवर व ओट्यावर त्याची गोष्ट निघतच असते. ‘हा तोच बरे, ज्याने...’ असे म्हणून आपण त्याची ओळख करून देतो. हा न पुसलेला साबण होय. बोध संपल्यावर बोधाची आठवणही पुसून टाकणे, हे बोध करण्याइतकेच अगत्याचे आहे.

कधी कधी तर जो डाग आपण घाशीत असतो तो मळच नसतो. लिनोलियमचा काही भाग सतरंजीखाली फार दिवस झाकलेला राहिला तर तो पिवळट पडतो. न जाणणारा त्यावर साबण, सोडा सर्व वापरून थकतो. वास्तविक सतरंजी काढून तेथे उजेड येऊ दिला की काही दिवसांत ते पिवळेपण आपोआप जाते, कारण उजेड न मिळाल्यामुळेच तेलाला तो रंग चढलेला असतो. कित्येक नवशिष्यांचे जे दोष आपण मोजतो, त्यांतील काही अज्ञानाचे असतात. ज्यास वाचता येत नाही, ज्याच्याकडे उपदेशक सहा महिन्यांत फिरकला नाही, त्यास शिस्त लावण्यापूर्वी त्याच्यापर्यंत उजेड पोहोचला काय, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

शेवटी, हे काम कोणत्या आसनावरून करावयाचे? हातभर जमीन नीट साफ करावयाची तर गुडघे टेकावेच लागतात. उभ्याने खोल मळ धड दिसतही नाही. आपल्या लोकांस झाडलोट करावयास लावून ज्यांनी त्यांस हलके मानिले त्यांचा तो अन्याय होता व आहे. परंतु ते काम हलके नव्हे. आपल्या प्रभूने शेवटच्या रात्री कमरेस रुमाल गुंडाळून, घंगाळात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुतले, आणि पेत्राने सर्वांग धुवा म्हटले तेव्हा जेवढ्याची गरज तेवढेच धुतले. यहूदाचे पायही त्या पाण्यातून सुटले नाहीत.

तेव्हा पुढील प्रभुभोजनापूर्वी जेव्हा वडील मंडळी एकत्र बसतील आणि कोणाचे नाव पुढे येईल, तेव्हा त्यांनी इतके प्रश्न आपणांस विचारावे: याच्या हातून कोणास इजा होत आहे काय, व ती आजच थांबविली काय? याच्याकडे आपल्यापैकी कोण, किती वेळा, एकटा गेला? आणि हा परत आला तर त्याची गोष्ट बोलावयाचे आपण खरोखर बंद करणार आहो काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत सोड्याच्या डब्याकडे कोणी हात नेऊ नये.