थांबलेला साचा कोणाचा?

‘आपल्याकडचा माणूस सांगितल्याशिवाय हात हलवत नाही’ हे वाक्य कारखान्यांत इतक्या खात्रीने बोलले जाते की ते तपासावे असे कोणाला वाटतच नाही. ते तपासायचे तर अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत जायला हवे.

१९५३मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे काम करत होते. स्वयंचलित साचे, म्हणजे विणकामाचे माग, बसवूनही गिरणीला हवे तसे उत्पादन मिळत नव्हते. एका खात्यात २२४ साचे, २९ कामगार आणि कामांचे १२ प्रकार होते. साचे चालवणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेला ताणा सांधणारा वेगळा. शिवाय प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या साच्यांची संख्या निराळी. त्यामुळे विणकराची गाठ कधी या बॉबिनवाल्याशी पडे, तर कधी दुसऱ्याशी. मग साचा थांबला, तर तो कोणाचा? अशा मांडणीत वरच्याच्या हुकुमाची वाट पाहणे हेच शहाणपण असते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र त्यात स्वभाव दिसतो, संस्कार दिसतात. मग त्या स्वभावाकडे बोट दाखवून आणखी एक देखरेख करणारा नेमला जातो आणि वाट पाहण्याची सवय पक्की होते.

राइस यांची सूचना साधी होती. ७ जणांच्या गटाने मिळून ६४ साचे सांभाळावेत. कोणी कोणाबरोबर काम करायचे, हे ठरवायला कामगार आणि पर्यवेक्षक आपण होऊन पुढे सरसावले. हे मला उत्पादनाच्या आकड्यांहून मोलाचे वाटते, कारण माणसे तीच होती. पुढे उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाणही घटले.

पण रचना बदलली की वृत्ती कायमची बदलते, असेही नाही. १९७०मध्ये टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात गटपद्धत जवळपास जशीच्या तशी टिकली होती, तर ती स्वीकारलेली इतर खाती कमी-अधिक प्रमाणात जुन्या वळणावर गेली होती. गिरणी एकच, शहर एकच. हा फरक संस्कृतीच्या माथी मारता येत नाही. अशी घसरण कशी होते, हे कुठल्याही कारखान्यात पाहता येईल. माल कमी पडला किंवा माणसे गैरहजर राहिली की पर्यवेक्षक गटाच्या कामात हात घालतो. दोन-चारदा तसे झाले की गट त्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. गट पाहू लागला की त्यालाही वाटते, आपण हात घातला ते बरेच झाले.