१२ मेची ओळ

भाटघर धरणाच्या मागच्या वाड्यांमधून दूध गोळा करून भोरला आणायचं, हा नानांचा धंदा. त्या वाटांवर पावसाळ्यात साधी गाडी रुतते, म्हणून त्यांनी जुना फोर-बाय-फोर पिकअप घेतलेला. यंदा जून उजाडला आणि गाडी घुमायला लागली. काटा चाळीसच्या पुढे गेला की खालून घुर्र-घुर्र. साठला तर पायाखालचा पत्रा थरथरायचा आणि मागचे कॅन एकमेकांवर वाजायचे.

नानांचे नेहमीचे मिस्त्री तेव्हा वारीला गेलेले. नाना दुसरीकडे गेले. तिथे पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग बदलली. आवाज तसाच. तिसरीकडे सांगितलं, पुढचं क्राऊन-पिनियन गेलंय. तेही बदललं. सगळे मिळून १८,००० रुपये गेले आणि आवाज मात्र जागेवरच.

आषाढी झाली, मिस्त्री परतले. स्कूटरच्या क्लचची वायर टाकून घ्यायला मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा नाना गाडी घेऊन आले.

"दोन ठिकाणी हात फिरलाय म्हणजे वाट लावलीच असणार," मिस्त्री म्हणाले. "हल्ली ऐकून कोण घेतो? सरळ खोलायला बसतात." नानांनी मान डोलावली, मीही डोलावली. दुसऱ्याचं काम बिघडलेलं ऐकताना माणसाची मान आपोआप हलते.

मिस्त्रींनी रिकामे कॅन खाली उतरवले, नानांची गाणी बंद केली, काचा वर घेतल्या. मग नाना, हाताखालचा बारक्या आणि मी अशा आम्हा तिघांना बसवून गाडी महाडच्या रस्त्याला काढली. पन्नासला नेऊन पाय दाबला, मग सोडला. "मागचं क्राऊन-पिनियन असतं तर पाय दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा लागला असता. हा एकच आहे." वळणावर गाडी डावीकडे घेतली, मग उजवीकडे. "बेअरिंग असतं तर वजन पडलं त्या बाजूला वाढलं असतं. तेही नाही."

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "नाना, हब कधी लॉक केले?"

"पाऊस लागला तेव्हा. चिखलात उतरून कोण फिरवत बसतो? दिवाळीपर्यंत लॉकच असतात. लिव्हर मात्र डांबरावर टू-व्हीललाच."

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली. उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरचे हब हातानं 'फ्री'वर फिरवले आणि पुन्हा गाडी साठला नेली. फक्त इंजिन आणि वारा. नाना आधी हसले आणि मग १८,०००च्या आठवणीनं गप्प झाले.

हब लॉक असले की लिव्हर टू-व्हीलला असली तरी पुढची चाकं पुढचा शाफ्ट फिरवत राहतात. फ्री केले की तो थांबतो. पुढचं क्राऊन-पिनियन तर नवंच होतं; आवाज शाफ्टाबरोबर थांबला, म्हणजे दुखणं तिथेच.

गॅरेजात मिस्त्री गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. शाफ्ट हलवून पाहिला. टोकांच्या सांध्यांना, म्हणजे क्रॉसना, ढिलेपणा नाही, त्यांच्या कपांजवळ तांबूस भुकटी नाही, ग्रीसही ताजं. बॅटरीचा उजेड त्यांनी शाफ्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि तिथेच धरला. एका टोकाचे योकचे कान सरळ उभे होते, दुसऱ्या टोकाचे तिरके. मधल्या सरकत्या जोडाचे दात दोन-तीन घरं पुढे बसले होते.

"क्रॉस वाकून फिरतो ना, तेव्हा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो," खालूनच ते बारक्याला सांगत होते. "दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते फेडतो. पण दोघांचे कान एका रेषेत असले तर. नाहीतर दोघं मिळून गाडी हादरवतात." मग वर ओरडले, "नाना, हा शाफ्ट कुणी उतरवला होता?"

"तुमच्याकडेच की! मे महिन्यात क्रॉस टाकला नाही का?"

बारक्या पान्ह्यांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागला. मिस्त्री बाहेर आले, हात पुसले, वही काढली. १२ मे, पुढच्या शाफ्टाचे क्रॉस, मजुरी ६००. बराच वेळ ते त्या ओळीकडे पाहत उभे राहिले. बारक्यावर ढकललं असतं तर कुणी शंका घेतली नसती. मी तर नक्कीच नाही.

"बारक्या त्या दिवशी बहिणीच्या लग्नाला होता," ते म्हणाले. "शाफ्ट मी जोडला. खूण न करता उतरवला, अंदाजानं घातला. चक्करही मारली होती, पण हब फ्री होते. शाफ्ट फिरलाच नाही, तर बोलेल कसा?"

शाफ्ट उतरवला, जोड सोडवून कान एका रेषेत घेतले, पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला, चार-चार बोल्ट आवळले. पाऊण तासाचं काम. नंतर हब लॉक करून साठनं चक्कर मारली. पत्रा शांत.

मिस्त्रींनी गल्ल्यातून ६०० रुपये काढून नानांच्या हातावर ठेवले. "१८,००० मला भरून देता यायचे नाहीत. पण वर्षभर या गाडीची मजुरी घेणार नाही." नाना नको नको म्हणत राहिले, पण पैसे खिशात गेले.

मग मिस्त्रींनी बेअरिंगवाल्याला फोन लावला. "मी तुझ्या नावानं बोटं मोडली होती सकाळी. बेअरिंग तू चांगली बसवलीयत."

मी निघालो तेव्हा ते १२ मेच्या ओळीपुढे लिहीत होते: जोड चुकीचा बसवला, हात माझा.