मडक्याची जपणूक



आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. मडके थापटून कच्चे की पक्के हे सांगणारे काका! त्यांच्या समाधीपुढे हात जोडून आज माझ्याच मडक्याची गोष्ट सांगतो.

माझ्या पोटाचे ऑपरेशन झाले त्याला बरीच वर्षे झाली. जखम बाहेरून भरली. पण आत आतड्यांची वेटोळी एकमेकांना चिकटली. त्यामुळे मधूनमधून अन्नाची वाटच बंद होते. मग कळांवर कळा येतात, पोट फुगते, ओकारी होते, वारादेखील सरत नाही. दवाखान्यात नाकातून नळी, शिरेतून सलाईन. तोंडाने काही नाही. पुष्कळदा एवढ्यानेच वाट मोकळी होते. न झाली, किंवा आतड्याचे रक्त अडले, तर पुन्हा पोट उघडावे लागते. अन् त्या नव्या जखमेतून पुन्हा नवा चिकटा धरू शकतो!

आरंभी मी हे लपवले. एरंडेल घेतले, पोट चोळले, दुखणे वाढले. लोक म्हणत, "पूर्वजन्मीचे भोग, दुसरे काय!" एका आषाढीला दिंडी पुढे गेली आणि मी दवाखान्यात कॉटवर. वाटले, विठ्ठलाने टाकले मला.

त्या रात्री नाम घेत पडलो होतो. नामाने कळ थांबली असे मी म्हणणार नाही. खोटे कशाला बोला? कळ ओसरली ती नळीने नि सलाईनने. नामाने भय ओसरले. मग आठवले, तडकलेले मडके आपली माय फेकीत नसे. चुलीवर न ठेवता त्यात धान्य भरी. मडके तेच, जागा तेवढी बदलली!

आता थोडे थोडे, चावून खातो. हुरडा, पेरू डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडले. एकादशीला पाणी पितो. झेपेल तितके चालतो, पुढे एस.टी. धरतो. दिंडीचालकाला आधीच सांगून ठेवतो.

श्रोतेहो, एवढेच मागतो. द्वादशीच्या पंक्तीत कोणी "नको" म्हटले तर आग्रह करू नका. पोटाचे ऑपरेशन झालेल्या वारकऱ्याला अशा कळा नि ओकाऱ्या सुरू झाल्या, तर काही खाऊपिऊ घालू नका, रेचक देऊ नका. 108 ला फोन करा. त्याच्या पापाचा हिशेब विचारू नका, त्याची पडशी उचला.

रामकृष्णहरि!