गुन्हा, आजार आणि आपण

माझा भाचा दहावीत आहे. एका रात्री दोन वाजता तो मोबाईलवर गेम खेळताना सापडला. भावजींनी मोबाईल हिसकावून कपाटात कोंडला. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. भावजी म्हणाले, "कार्टं वाया गेलं." बहिणीने मला हळूच विचारले, "भाईजान, त्याला काही आजार तर नसेल?"

आजार म्हणायला आता आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली गेमिंगच्या विकाराला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले; १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. मात्र मुलगा किती तास खेळतो, हा त्यातला निकष नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणे, नुकसान दिसूनही न थांबणे आणि हे साधारण वर्षभर चालणे, हे निकष आहेत. म्हणजे खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नाही. पण जो आहे त्याला मार नको, उपचार हवेत. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये त्यासाठी २०१४ साली स्वतंत्र क्लिनिक सुरू झाले.

मग नुसत्या बंदीने भागेल काय? दक्षिण कोरियाने २०११ साली कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांचे ऑनलाईन गेम रात्री बारा ते सकाळी सहा बंद केले. मोबाईलवरचे गेम त्यातून सुटले होते. मुले तिकडे वळली. २०२२ च्या आरंभी तो कायदाच रद्द झाला.

मी भाच्याला विचारले, "काय मिळतं रे त्यात?"

तो म्हणाला, "मामू, तिथं चौघं माझी वाट बघतात. इथं सगळे माझ्या मार्कांची वाट बघतात."

मी निरुत्तर झालो. गुन्हा म्हटले की दोष मुलाचा, आजार म्हटले की दोष त्याच्या मेंदूचा. दोन्हीकडे आपण मोकळे! मुलाची काहीच जबाबदारी नाही, असे मी म्हणत नाही. कधीच न संपणारे गेम बनवून पैसा कमावणारेही दोषी आहेत. पण त्याचे एकटेपण आधी कोणाला दिसायला हवे होते?

औलाद ही अमानत आहे, असे आपण म्हणतो. अमानत कपाटात कोंडली म्हणजे सांभाळली असे होत नाही. तिची रोज विचारपूस करावी लागते.

भाचा पूर्ण सावरला, असे मी सांगणार नाही. पण हल्ली जेवताना भावजींचा मोबाईलही त्याच कपाटात असतो.